गॅस्ट्रो गेला, गहू रुसला: पोटातले जंतू, प्रतिकारशक्ती आणि ॲलर्जी

अर्धीचपाती

मंडळी, लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मावसभावाचं लग्न होतं. हळदीच्या रात्री मागच्या अंगणात चुलीवर चिकन. लग्न लागलं, आम्ही घरी परतलो, आणि तिसऱ्या दिवसापासून त्या पंगतीतले लोक एकमेकांना फोन करायला लागले, "तुमचं पोट बरंय ना?" आमच्याकडे सगळ्यात जोरात मलाच लागलं. ताप, मुरडा, रक्त पडलं, एक दिवस सलाईन. स्टूल टेस्टमध्ये 'कॅम्पायलोबॅक्टर' असं नाव आलं. तोवर हे कधी ऐकलंही नव्हतं. आठ दिवसांनी उठून कामाला लागले.

तेव्हापासून चपाती चालत नाही. एक खाल्ली की तासा-दीड तासात बेंबीच्या डावीकडे पीळ पडतो आणि पोट असं टम्म फुगतं की ड्रेसची नाडी सैल करावी लागते. भाकरी चालते, भात चालतो. लग्नाआधी, म्हणजे त्या लग्नाआधी, मी सहज चार चपात्या खाणारी बाई होते. आयडी का बदलला ते आता कळलं असेल.

तपासण्या झाल्या. हातावर टोचून करतात ती ॲलर्जी टेस्ट निगेटिव्ह. रक्तातलं गव्हाचं आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारी अँटीबॉडी, तेही निगेटिव्ह. सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं खराब होतं तो आजार) टेस्टही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे, म्हणजे तपासण्या कोऱ्या पण आतडं कुरकुरतं तो त्रास, ताण घेऊ नका. ताण मला चपातीचाच आहे हो.

दुसरी बाजू सासूबाईंची. लेक साडेतीन वर्षांची आहे. ती मातीत खेळून आली की मी हात धुवायला पळवते, आणि त्या म्हणतात, "राहू दे गं, थोडी घाण पोटात गेलीच पाहिजे. पोट जंतूंना सरावलं की ॲलर्जी होत नाही." मीही हे खूप ठिकाणी वाचलंय. मग माझ्या पोटात एवढे जंतू गेले तर मला उलटंच का झालं?

शोधताना कोपनहेगनचा २००३ सालचा एक अभ्यास सापडला. तिथल्या प्रौढांच्या रक्तात जुन्या संसर्गांच्या खुणा, म्हणजे अँटीबॉडी, तपासल्या होत्या. कावीळ ए, हेलिकोबॅक्टर पायलोरी (जठरात राहणारा जिवाणू) आणि टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) यांच्या खुणा ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात ॲलर्जीची प्रवृत्ती कमी. इथपर्यंत सासूबाई जिंकल्या. पण कॅम्पायलोबॅक्टर, येर्सिनिया आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल यांच्या खुणा असलेल्यांत ती प्रवृत्ती जास्त. सगळे पोटातूनच जाणारे जंतू, आणि निकाल दोन टोकांना. हे वाचून माझं डोकंच चालेना.

जाणकारांनी उजेड पाडावा.

गोठ्यातला

ताई, आमच्या घरात चौदा माणसं, अकरा म्हशी, सहा गाई. ॲलर्जी हा शब्द आमच्याकडं लेकीच्या इंग्रजी शाळेतून आला. धारोष्ण दूध पिऊन वाढलोय, शेणानं हात भरलेला असतानाच भाकरीचा तुकडा तोंडात घातलाय. सासूबाईंना माझा रामराम सांगा.

चिरमुरे_फुटाणे

आला धागा. आता शंभरी गाठतो बघा. मी कोपऱ्यात बसतो.

भिंगवाला

धागाकर्तीने नकळत दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेत. आधी चपातीचा घेतो, कारण त्याचं बरंच नेमकं उत्तर आहे. (मी सूक्ष्मजीवशास्त्रवाला, बेल्जियममध्ये असतो. पुढे ज्या प्रयोगशाळेबद्दल लिहितोय ती तासाभराच्या अंतरावर आहे, पण माझा तिच्याशी संबंध नाही.)

ल्यूव्हेन विद्यापीठातल्या गी बुक्स्टान्स यांच्या गटाने २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये एक काम छापलं. उंदरांना 'सिट्रोबॅक्टर रोडेन्शियम' नावाचा जंतू दिला. माणसाला जुलाब लावणाऱ्या ई. कोलायचा हा उंदरांमधला भाऊबंद. आजार चालू असतानाच त्यांना अंड्याच्या पांढऱ्यातलं एक प्रथिन खायला घातलं. काही आठवड्यांत जंतू गेला, आतडं बरं झालं. मग तेच प्रथिन पुन्हा दिलं. ज्यांनी ते पहिल्यांदा आजारपणात खाल्लं होतं त्यांच्या आतड्याच्या नसा हुळहुळ्या झाल्या, दुखण्याची लक्षणं दिसली. ज्यांनी ते निरोगी असताना खाल्लं होतं त्यांना काहीही झालं नाही.

एरवी आपलं आतडं अन्नाशी भांडत नाही. रोज किलोभर परकी प्रथिनं, पिष्ट, काय काय आत येतं, आणि प्रतिकारयंत्रणा ते 'आपलंच' म्हणून सोडून देते. ही शिकलेली सवय आहे. पण वाड्यात चोरी झाली त्या रात्री मुक्कामाला असलेला पाहुणाही संशयात सापडतो, तसं होतं. जंतूवर हल्ला चालू असताना जे अन्न समोर होतं त्याच्याविरुद्धही आयजीई अँटीबॉडी तयार झाल्या. आतड्याच्या भिंतीतल्या मास्ट पेशी त्या धरून बसतात. पुन्हा ते अन्न आलं की मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, नसा चेकाळतात, पोट दुखतं.

आता ताईंसाठी सगळ्यात कामाचा भाग. हे आयजीई फक्त आतड्यातच सापडलं. रक्तात नाही, म्हणजे अंगावर पित्त उठणं, दम लागणं यातलं काही होत नाही आणि नेहमीच्या चाचण्या कोऱ्या येतात. मग त्यांनी माणसांवर पाहिलं. आयबीएसचे १२ रुग्ण घेतले, दुर्बिणीतून मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गहू, ग्लूटेन, सोया आणि गाईचं दूध यांचा अगदी थोडा अर्क टोचला. बाराही जणांचं आतडं यातल्या कशावर ना कशावर तरी सुजलं. निरोगी ८ जणांपैकी दोघांचं.

बारा म्हणजे फार नाहीत, हे मान्य. आणि माणसांमध्ये 'आधी गॅस्ट्रो, मग हे' अशी साखळी उंदरांइतकी स्वच्छ दाखवलेली नाही. पण जिवाणूंचा गॅस्ट्रो झालेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस राहतो, हे बऱ्याच जुन्या अभ्यासांतून माहीत आहे. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये जोराच्या पावसाने शेणखत विहिरीत उतरलं आणि नळाच्या पाण्यातून ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर घरोघरी पोचले. दोन हजारांवर लोक आजारी पडले, सात दगावले. त्या गावावर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि पोटाच्या तक्रारी उरलेल्यांचं प्रमाण दहात एकापेक्षा कितीतरी जास्त निघालं.

अर्धीचपाती

भिंगवाला, तुम्हाला कल्पना नाही मला काय वाटतंय. दोन वर्षं मी "मनाचे खेळ" ऐकतेय. आजारपणात मला काय देत होते माहितीये? टोस्ट. सकाळ-संध्याकाळ चहात बुडवून टोस्ट, आणि दुपारी मऊ चपातीचा कुस्करा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, हलकं खा म्हणून.

पाटीपेन्सिल

(बालरोगतज्ज्ञ, वीस वर्षं प्रॅक्टिस.)

थांबा जरा. ल्यूव्हेनचं काम सुंदर आहे, पण प्रत्येक "गहू चालत नाही" म्हणजे ते नव्हे. गव्हात फ्रुक्टॅन नावाची साखळी-साखर असते. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात, वायू होतो. गॅस्ट्रोनंतर आतडं हुळहुळं झालेलं असेल तर तेवढा वायूही पुरतो. अर्धीचपाती, एक विचारते. कांदा-लसूण चालतो का? त्यातही फ्रुक्टॅनच असतं.

आणि गॅस्ट्रोनंतर काही आठवडे दूध न पचणं हा तिसराच प्रकार. आतड्याच्या अस्तराची टोकं झडलेली असतात, दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज तिथेच असतं. अस्तर भरून आलं की दूध पचायला लागतं. लहान मुलांत मी हे दर पावसाळ्यात बघते. आया कायमचं दूध बंद करून मोकळ्या होतात. ती ॲलर्जी नव्हे.

जाता जाता: 'दोनशे पदार्थांची फूड इनटॉलरन्स टेस्ट' म्हणून रक्तातलं आयजीजी (आयजीईहून वेगळ्या जातीची अँटीबॉडी) मोजून देतात, लाल-पिवळा-हिरवा छापील तक्ता हातात ठेवतात, त्यात पैसे घालवू नका. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे, एवढंच.

अर्धीचपाती

कांदा चालतो डॉक्टर. भाकरीबरोबर बुक्की मारून फोडलेला कच्चा कांदा रोज खाते. लसणाची चटणीही. म्हणून तर मी चक्रावलेय. आणि हो, तो रंगीत तक्ता माझ्याकडे आहे. त्यात अननस लाल आहे. मी अननस वर्षातून एकदा खाते.

पाटीपेन्सिल

कांदा रोज पचतोय तर फ्रुक्टॅनवरचा संशय बराच कमी झाला. पोटविकारतज्ज्ञांना हे नक्की सांगा, शब्दशः असंच. ल्यूव्हेनच्याच गटाने एबास्टिन, म्हणजे शिंकांसाठी देतात त्यातलंच एक औषध, आयबीएसच्या रुग्णांना देऊन पाहिलंय आणि काहींना उतार पडला. मेडिकलमधून आणून स्वतःच सुरू करू नका, म्हणून मुद्दाम सांगतेय.

चिरमुरे_फुटाणे

बरं, चपाती झाली. घाणीचं काय? १९८९ पासून ऐकतोय की स्वच्छतेमुळे ॲलर्जी वाढली. आता म्हणताय पोटाच्या संसर्गाने वाढते. एकदा काय ते ठरवा. उद्या म्हणाल आंघोळ बंद.

भिंगवाला

आंघोळीला कोणीच नाही म्हटलेलं नाही, :) पण प्रश्न रास्त आहे.

१९८९ चं म्हणजे डेव्हिड स्ट्रॅचन. मार्च १९५८ मधल्या एकाच आठवड्यात जन्मलेली सतरा हजारांवर ब्रिटिश मुलं, वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत. घरात मोठी भावंडं जितकी जास्त तितका धाकट्याला 'हे फीव्हर', म्हणजे परागकणांची नाकाची ॲलर्जी, कमी. त्यांचा अंदाज असा की मोठी भावंडं बाहेरून जंतू आणतात आणि ते धाकट्याला लहानपणीच मिळतात. कोणते जंतू, हे त्यांनाही माहीत नव्हतं. लोकांनी मधलं सगळं गाळलं आणि "घाण चांगली" एवढंच उचललं.

पुढे इटलीत पाओलो मात्रिकार्दी यांनी हवाई दलाच्या १६५९ कॅडेटमधून निवडलेल्या ४८० जणांच्या रक्तातून छान फोड केली (२०००). गोवर, गालगुंड, कांजिण्या यांच्यासारखे श्वासातून पसरणारे आजार होऊन गेल्याचा ॲलर्जीशी काही संबंध नाही. तोंडावाटे जाणारे कावीळ ए, टॉक्सोप्लाझ्मा, हेलिकोबॅक्टर यांचा मात्र आहे, आणि तो उलटा. म्हणजे वाट पोटातूनच जाते.

कोपनहेगनने त्यापुढचं पाऊल टाकलं: पोटातून जाणारे सगळे एका माळेचे मणी नाहीत. माझ्या मते फरक इथे आहे. हेलिकोबॅक्टर माणसाच्या जठरात लहानपणी शिरतो आणि बहुतेकांत गुपचूप जन्मभर राहतो. इतका काळ राहायचं तर त्याला यजमानाची प्रतिकारयंत्रणा शांत ठेवावीच लागते. झुरिकच्या प्रयोगांत नवजात उंदरांना हेलिकोबॅक्टर दिला तेव्हा टी-रेग नावाच्या आवर घालणाऱ्या पेशी वाढल्या आणि त्या उंदरांना पुढे दम्यापासून संरक्षण मिळालं. मोठेपणी दिला तर तितकं नाही. (टी-रेग म्हणजे ज्यांच्यावरच्या कामाला २०२५ चं नोबेल मिळालं त्या पेशी: साकागुची, ब्रंको, रॅम्सडेल.) कॅम्पायलोबॅक्टर मात्र चार दिवस राहतो, अस्तर ओरबाडतो, आग लावतो आणि निघून जातो. एक बिऱ्हाडकरू, दुसरा दरोडेखोर. दोघेही 'बाहेरचे', पण घरावर परिणाम एकच कसा होईल?

तोल ठेवण्यासाठी लगेच सांगतो की हेलिकोबॅक्टरलाही डोक्यावर घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय. अल्सरचा तोच मुख्य कारणीभूत. ऑस्ट्रेलियात पर्थच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचा पेला स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली होती, हे सगळ्यांना माहीत असेलच.

चिरमुरे_फुटाणे

वकिली छान. पण कोपनहेगनमध्ये आधी काय झालं? संसर्गामुळे ॲलर्जी, की ॲलर्जीवाल्यांचं पोटच नाजूक म्हणून संसर्ग? की ॲलर्जीवाल्यांचं शरीर कशालाही जास्त अँटीबॉडी बनवतं?

भिंगवाला

चोख. एकदाच रक्त काढून ते सांगता येत नाही. उलट पुरावाही आहे. सार्डिनियात लहानपणी साल्मोनेलामुळे इस्पितळात गेलेल्या मुलांची तुलना जिवाणूंशिवाय इतर कारणाने जुलाब झालेल्या मुलांशी केली (२००५). शाळेच्या वयात साल्मोनेलावाल्यांना दमा आणि नाकाची ॲलर्जी कमी निघाली. माझा बिऱ्हाडकरू-दरोडेखोराचा नियम तिथे मोडतो. कदाचित वय महत्त्वाचं असेल. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत झालेला संसर्ग आणि चाळिशीत झालेला, यात प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पाटीपेन्सिल

वयावरून एक भर घालते. नेदरलँड्समधल्या कोआला अभ्यासात ९५७ बाळांच्या महिन्याभराच्या वयातल्या शीचे नमुने तपासले (२००७). ज्यांच्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल होता त्यांना पुढे एक्झिमा, वारंवार छाती वाजणं, ॲलर्जीची प्रवृत्ती जास्त. ही बाळं आजारी नव्हती, जंतू नुसता वस्तीला होता. म्हणजे बिऱ्हाडकरूही वाईट निघू शकतो, भिंगवाला! सिझेरियन, इस्पितळातला मुक्काम, वरचं दूध यात तो जास्त सापडतो. मला वाटतं तो स्वतः गुन्हेगार असण्यापेक्षा 'इथे चांगली वस्ती बसलीच नाही' याची खूण असावा.

आणि सासूबाईंच्या मुद्द्यावर स्पष्ट लिहिते. लेकीला मातीत खेळू द्या. कुत्रं-मांजर, चुलत भावंडं, गोठा, बाग, सगळं द्या. संडासनंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. या दोन वाक्यांत काही विरोध नाही. तिने आजारी पडण्याची गरज नाही. आपल्याकडे पोटाच्या संसर्गांची कमतरता हा प्रश्न कधीच नव्हता, आणि त्याची किंमतही मोजतोय. रोटाव्हॅक लशीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोरला झाली. तीव्र जुलाबांपासून पहिल्या वर्षी संरक्षण साधारण ५५ टक्के. श्रीमंत देशांत रोटाव्हायरसच्या लशी ८५-९० च्या घरात जातात. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ डोसाचं वेल्लोरला सत्तरच्या दशकातच हेच दिसलं होतं. सतत संसर्ग झेलणारं आतडं सुजलेलं राहतं, अस्तर चपटं होतं, आणि लस नीट 'लागत' नाही. त्याला प्रतिकारशक्ती वाढणं म्हणत नाहीत.

शिपशेवानाची_वाट

गोठ्यातला यांच्यासाठी इंडियानातून. आमच्या घरापासून पाऊण तासावर आमिश लोकांची, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, वस्ती आहे. घोडागाडी, वीज नाही. मी त्यांच्याकडून अंडी आणते. परवा एक बाई दारात उभी होती, कडेवरच्या बाळाच्या हातात चाऱ्याची काडी, ती काडी बाळ चोखतंय, आणि मागे दहा पावलांवर गाय. आई निवांत अंडी मोजतेय. मी मनातल्या मनात सॅनिटायझर शोधत होते.

२०१६ मध्ये याच राज्यातल्या आमिश मुलांची तुलना साउथ डकोटातल्या हटेराइट (तसाच दुसरा ख्रिस्ती पंथ) मुलांशी झाली. दोन्ही समाज मध्य युरोपातून आलेले, खाणंपिणं सारखं, कुत्री-मांजरं घरात नाहीत, दोघे शेतकरीच. फरक एवढाच की आमिशांचा गोठा घराला लागून आणि मुलं त्यात. हटेराइटांची शेती मोठ्या यंत्रांची, गोठा लांब. दमा आमिशांत ५ टक्के, हटेराइटांत २१. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या कवचातला एंडोटॉक्सिन जवळजवळ सातपट. ती धूळ उंदरांच्या नाकात घातली तर उंदरांना दमा झाला नाही. मुलं तीसच-तीसच होती, पण ती धूळ मला विसरता येत नाही.

गोठ्यातला

बघा! म्हटलं नव्हतं?

भिंगवाला

धुळीचं म्हणालात तुम्ही, दुधाचं नाही. शिवाय ती मुलं आजारी पडत नव्हती, नुसती जंतूंच्या कवचांच्या सहवासात होती. जिवंत जंतूचीही गरज नसते बऱ्याचदा. फिनलंड, एस्टोनिया आणि रशियाकडचं करेलिया इथल्या बाळांवर २०१६ मध्ये एक काम झालं. फिनलंडमध्ये ॲलर्जी आणि बालमधुमेह भरपूर, सीमेपलीकडच्या करेलियात खूपच कमी. फिनिश बाळांच्या पोटात बॅक्टेरॉइड्स जास्त, त्यांचं एंडोटॉक्सिन मिळमिळीत, प्रतिकारयंत्रणेला ते जागंच करत नाही. करेलियातल्या बाळांत ई. कोलायचं, झणझणीत. आधी झोंबतं, मग अंगवळणी पडतं. तिखटासारखंच.

खडकवासला_बॅकवॉटर

वाचतेय कालपासून, लिहू की नको करत होते. ॲलर्जी नाही, पण कॅम्पायलोबॅक्टर हे नाव आमच्या घरात कोणी विसरणार नाही.

जानेवारी २०२५. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळीकडे एकच चर्चा, जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार. माझ्या पुतण्याला आधी दोन दिवस जुलाब. बरा झाला. आठवड्याने म्हणाला, काकू, जिना चढताना पाय जड होतात. दुसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लावता येईना. तिसऱ्या दिवशी चहा गिळताना नाकातून आला. सतरा दिवस आयसीयू, त्यातले सहा व्हेंटिलेटर. आज चालतो, पण डाव्या पावलाला अजून पट्टा आहे.

डॉक्टरांनी आम्हाला कागदावर काढून दाखवलं होतं. या जंतूच्या अंगावरचं एक आवरण आणि आपल्या नसांवरचा एक थर दिसायला सारखे. शरीराने जंतूवर सोडलेल्या अँटीबॉडी जंतू गेल्यावर नसांना जाऊन चिकटतात. हजारातल्या एखाद्यालाच होतं म्हणे. त्या वेळी पुणे भागात दोनशेच्या आसपास रुग्ण होते. आमच्याकडे विहिरीचं पाणी यायचं.

म्हणून कोणी "थोडं घाण पाणी पोटात गेलं तर बरं" म्हटलं की माझं डोकं फिरतं. सॉरी.

चिरमुरे_फुटाणे

सॉरी कशाला म्हणताय. मी कोपऱ्यातून उठलो. पुतण्याला लवकर आराम पडो.

भिंगवाला

काकू, लिहिलंत ते फार बरं केलंत. ॲलर्जी आणि जीबीएस ही दोन वेगळी दुखणी, पण चूक एकाच जातीची: जंतू गेला तरी प्रतिकारयंत्रणेचं भांडण चालूच राहिलं. अमेरिकेत यास्मिन बेलकेद यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये उंदरांत दाखवलं की येर्सिनियाचा एकच संसर्ग, तोही पूर्ण बरा झालेला, आतड्याजवळच्या लसिकावाहिन्या कायमच्या गळक्या करून ठेवतो. आतड्यातली खबर गाठींपर्यंत पोचवणाऱ्या पेशी वाटेतच चरबीत भरकटतात. ते याला प्रतिकारशक्तीवरचा व्रण म्हणतात.

दहीभात_लिंबू

मग ताक, दही, प्रोबायोटिकच्या पुड्या घ्यायच्या की नाही, एका वाक्यात सांगा ना कोणीतरी.

पाटीपेन्सिल

ताक प्या, पुड्यांचे पैसे वाचवा.

दहीभात_लिंबू

हे आवडलं.

पाटीपेन्सिल

थोडं जास्त: दह्यातले जंतू पाहुणे असतात, वस्ती करत नाहीत. ॲलर्जी रोखण्यासाठी कोणतं प्रोबायोटिक, किती, कधी, यावर खात्रीने बोट ठेवता येईल असं आज काही नाही. शिकागोत कॅथरिन नॅग्लर यांच्या गटाने निरोगी बाळांच्या पोटातले जंतू जंतूविरहित उंदरांत घातले आणि त्यांना दुधाच्या ॲलर्जीपासून वाचवलं (२०१९), त्यात ॲनेरोस्टाइप्स नावाचा एक जंतू पुढे आला. तो दह्यात नसतो, पुडीतही नाही. त्याला लागतो कोंडा, डाळी, भाज्या, म्हणजे तंतू.

गरज नसताना अँटिबायोटिक मागू नका, हे मात्र शंभरदा सांगेन. जुलाबाला पहिलं औषध मीठ-साखर-पाणी. आणि कर्नाटकातला युरोप्रिव्हॉलचा (अन्नाच्या ॲलर्जीवरचा युरोपीय संशोधन प्रकल्प) अभ्यास विसरू नका: २६.५ टक्के प्रौढांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खरोखर ॲलर्जी असावी असे १.२ टक्केच. आपल्या लोकांची यंत्रणा बहुतेक वेळा शिंग उगारते, मारत नाही. त्यामुळे नुसता रिपोर्ट बघून मुलांची अंडी-दूध-शेंगदाणे तोडू नका.

गोठ्यातला

एक कबूल करतो. वर धारोष्ण दुधाची फुशारकी मारली ती अर्धवट होती. २०१४ ला धाकट्या चुलत्याला दोन महिने ताप येऊन-जाऊन होता, घाम, कंबर धरलेली, वजन बारा किलो उतरलं. शेवटी ब्रुसेला निघाला, जनावरांकडनं माणसाला लागणारा जंतू. गाभडलेल्या म्हशीचं वार त्यानं उघड्या हातानं काढलं होतं आणि दूध तर कच्चंच प्यायचो सगळे. तेव्हापास्नं आई दूध उतू जाईस्तोवर तापवते. पोरं गोठ्यात लोळतात ते लोळतातच, त्याला कोण अडवणार.

शिपशेवानाची_वाट

हे वाचून बरं वाटलं. युरोपातही गोठ्याजवळचं कच्चं दूध पिणाऱ्या मुलांत दमा कमी दिसलाय, पण तिथलेही डॉक्टर ते प्या असं सांगत नाहीत, ते याच भीतीने.

अर्धीचपाती

दोन आठवड्यांनी परत येतेय. पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. कांद्याचं सांगितल्यावर त्या पहिल्यांदा पेन खाली ठेवून ऐकायला लागल्या. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सहा आठवडे गहू पूर्ण बंद, मग मोजून परत सुरू करायचा, रोज वहीत लिहायचं. मध्ये टोस्टही चालणार नाही, याचं दुःख आहे. गोळीचं नंतर बघू म्हणाल्या.

सासूबाईंना अख्खा धागा वाचून दाखवला. खडकवासला काकूंच्या पुतण्याशी त्या बराच वेळ अडकल्या होत्या, मग उठून माठाला फडकं बांधून आल्या. कोपनहेगनवर त्यांचं म्हणणं, "मी मातीचं बोलत होते, जुलाबाचं कुठे बोलले?" खरंच नव्हत्या बोलल्या. संध्याकाळी लेक ओट्यावर मातीचे लाडू वळत होती, दोघी बघत बसलो. जेवायच्या आधी हात त्यांनीच धुतले, कोपरापर्यंत.

पुढच्या महिन्यात धाकट्या मावसभावाचं लग्न आहे. हळदीला या वेळी चिकन नाही, पिठलं-भाकरी ठरलंय.

गोठ्यातला

गाव कुठलं सांगा, भाकऱ्या थापायला दोन वहिन्या पाठवतो.